लिफ्टवाली कितवी?

दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही पाच जण वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो आणि वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांना क्रमांक लावतो. काम फारसं महत्त्वाचं नाही हे मला कळतं. त्यावाचून जगात कुणाचं अडत नाही. पण हे त्या खोलीत बोलून दाखवायची माझी छाती नाही, कारण चौथा कोण आणि पाचवा कोण यावरून दोन सभ्य माणसांनी तीन महिने अबोला धरलेला मी तिथे पाहिला आहे.

मंडळ लहान आहे. दर रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात एक सिनेमा दाखवतो. बघायला तीस-चाळीस माणसं येतात, पण मत द्यायचा अधिकार आम्हा पाच जणांनाच, कारण खुर्च्या मांडणं, पडद्यावरची धूळ झटकणं आणि शेवटी दिवे मालवून किल्ली परत करणं ही कामंही आम्हीच करतो. सिनेमे एका मोठ्या संग्रहाकडून एकेका खेळापुरते उसने येतात. त्यातले बरेचसे दुसरीकडे कुठेही बघायला मिळत नाहीत. वर्षअखेरीला आम्ही जे दहा निवडतो, ते नव्या वर्षात पुन्हा मागवले जातात. बाकीचे गेले ते गेले.

मंडळाची सूत्रं गणिताच्या बाईंकडे आहेत. शाळेतून निवृत्त झाल्या, पण खडू काही हातातून सुटला नाही. दुसरे दातांचे डॉक्टर. आमच्यातला प्रत्येक जण त्यांच्या खुर्चीत कधी ना कधी आडवा झालेला असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालताना सगळे जरा जपून असतात. तिसरे घड्याळजी. त्यांना दणदणाटी सिनेमे आवडतात. दिवसभर टिकटिक ऐकल्यावर दुसरं काय आवडणार, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या टेलरताई. त्या पडद्यावरच्या माणसांच्या कपड्यांची शिवण बघत बसतात, आणि तरीही त्यांचं मत बहुतेक वेळा आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणपणाचं निघतं. पाचवा मी. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून चुका शोधल्या, म्हणून घड्याळजी मला शोधकराव म्हणतात. मंडळात मी का आहे, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. इतरांना पडत असेल तर त्यांनी तो कधी विचारलेला नाही.

आमची एक रीत आहे. ज्याने जो सिनेमा पहिला लावला, त्याने उभं राहून त्याच्या बाजूने बोलायचं. किती वेळ? चहाची किटली उकळून तिचं बटण टक्क करून पडेपर्यंत. दर वक्त्याला नळाचं गार पाणी, कारण आधीच तापलेलं पाणी लवकर उकळतं आणि शेवटच्या माणसावर अन्याय होतो, हे डॉक्टरांनी फार पूर्वी लक्षात आणून दिलं. सगळ्यांचं बोलून झालं की प्रत्येकाकडे तीन राखीव गुण असतात. ते आपल्या पहिल्या सिनेमाला द्यायचे नाहीत. दुसऱ्या कुठल्याही द्या. त्यातून अंतिम यादी ठरते.

या रीतीपायी मी अकरा वर्षं एक लबाडी करत आलो होतो. डॉक्टर किंवा बाई काय पहिलं लावतील याचा अंदाज घ्यायचा आणि तोच आपणही लावायचा. मग ते बोलायचे, आणि माझी पाळी आली की मी अर्धवट उठून “माझंही हेच म्हणणं” एवढं पुटपुटून बसायचो. किटलीत पाणीसुद्धा भरावं लागायचं नाही.

यंदा मात्र लिफ्टवालीचा सिनेमा आला.

ऑक्टोबरमधली गोष्ट. सिनेमा साधाच. एका मोठ्या दुकानात एक बाई तीस वर्षं लिफ्ट चालवते. आता बटणं दाबायला माणूस नको, म्हणून तिला घरी बसायला सांगितलेलं आहे. तिचा कामाचा शेवटचा दिवस, एवढाच सिनेमा. सगळ्यात वरच्या मजल्यावर तिने हजारो माणसं सोडलेली असतात, पण ती स्वतः तिथे कधी उतरलेली नसते. दिवसाच्या शेवटी ती रिकामी लिफ्ट वर नेते आणि बाहेर पाऊल टाकते. खिडकीपाशी जाऊन उभी राहते. मागे दार मिटतं आणि लिफ्ट तिच्याशिवाय खाली निघून जाते.

त्या आठवड्यात माझ्या बायकोच्या पायाला प्लास्टर होतं. पायरी चुकून घोटा मोडला होता. एरवी आमचा एकही रविवार चुकत नाही. ती माझ्या डाव्या हाताला बसते आणि झोप आली तर तसं मला सांगून झोपते. एवढ्या वर्षांच्या संसारात जे काही पाहिलं ते दोघांनी बरोबरच पाहिलं. मी पाहिलेली आणि तिने न पाहिलेली अशी ही पहिलीच गोष्ट असावी. ती एकट्याने सांभाळणं मला जड जाऊ लागलं. घरी येऊन मी सांगून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. आठवडाभर जमेल तसं सांगत राहिलो, आणि दर वेळी सिनेमा हातातून थोडा निसटला.

शेवटी ती म्हणाली, “अहो, काल म्हणालात ती काचेला हात लावते. आज म्हणता नुसती उभी राहते. तुमच्या सांगण्यावर माझा काडीचा भरवसा नाही. मला तो एकदा बघू दे.”

मी म्हटलं, यंदा मी तोच पहिला लावणार. म्हणजे यादीत येईल, आणि नव्या वर्षात तुला बघता येईल.

“आणि त्याच्यासाठी बोलणार कोण?”

“मीच.”

चष्म्याच्या वरून तिने माझ्याकडे फक्त पाहिलं.

आता माझ्या मूर्खपणाबद्दल सांगतो. छापखान्यात आम्हाला एक सवय लावलेली असते. मजकूर नेहमीसारखा वाचला तर डोळा अर्थामागे पळतो आणि चुका सुटतात. म्हणून शेवटची तपासणी खालून वर, उलटी करायची. तेव्हापासून मी सगळंच उलटं करतो. किराण्याची यादीसुद्धा. सिनेमांची कच्ची यादीही मी तशीच केली होती: वरती दहावा, मग नववा, आठवा, आणि अगदी तळाशी पहिला, लिफ्टवाली. गेल्या वर्षापर्यंत आम्ही कोऱ्या कागदावर क्रमांक घालून यादी द्यायचो. यंदा बाईंनी एक ते दहा आकडे आधीच छापलेले अर्ज वाटले. मी कच्ची यादी समोर ठेवली आणि सुवाच्य अक्षरात, वरून खाली, जशीच्या तशी उतरवली. मग ती तीनदा तपासली. एकाही सिनेमाच्या नावात ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती.

त्या रविवारी खोलीत नेहमीप्रमाणे बांधणीला जाणाऱ्या फाटक्या पुस्तकांचे ढीग होते आणि आमच्या पाच खुर्च्या त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवल्या होत्या. बाईंनी फळा पुसला. पहिल्या क्रमांकाला दहा गुण, दहाव्याला एक. एकेक अर्ज त्या खणखणीत आवाजात वाचत होत्या आणि सिनेमाच्या नावापुढे आकडे वाढत होते. तिसरा अर्ज माझा.

“पहिला,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी एका युद्धपटाचं नाव वाचलं.

घड्याळजींनी मान गर्रकन माझ्याकडे वळवली. तो त्यांचा सिनेमा. सबंध वर्ष आम्ही सगळ्यांनी त्याची टर उडवली होती. म्हणजे इतरांनी उडवली होती आणि मी हसलो होतो. त्यांनी हात लांब करून माझी पाठ थोपटली. शोधकराव, तुम्ही आतल्या गाठीचे निघालात, म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मीही हसलो. बाई पुढे वाचत गेल्या, आणि दहाव्या क्रमांकावर, एका गुणासाठी, त्यांनी लिफ्टवालीचं नाव घेतलं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. कुठल्याही धड माणसाने सांगितलं असतं. पण मी विचार करत राहिलो की आता सांगितलं तर फळा पुसावा लागेल, बाईंची बेरीज चुकेल, घड्याळजींचं तोंड उतरेल. आणि हे सगळं मनात होईपर्यंत पाचही अर्ज संपले होते. बाईंनी दहाव्या क्रमांकाखाली रेघ मारली. रेघेच्या लगेच वर डॉक्टरांचा सिनेमा होता, मधमाश्या पाळणाऱ्या दोन भावांचा. तो त्यांनी पहिला लावला होता आणि दुसऱ्या कुणीच लावला नव्हता, म्हणून दहा गुण. लिफ्टवाली रेघेच्या खाली, चार गुणांवर. एक माझा आणि तीन टेलरताईंचे; त्यांनी तिला आठवं लावलं होतं.

किटली भरली. घड्याळजी म्हणाले, आधी शोधकरावांना बोलू द्या, राहिलेलं मी बोलतो. बाईंनी बटण दाबलं.

मी उभा राहिलो. समोर घड्याळजी खुर्चीच्या टोकाशी सरकून बसले होते.

“या सिनेमातलं युद्ध,” मी म्हणालो, “फार मोठं आहे.”

घड्याळजींनी जोरात मान हलवली. मी पुढे काहीतरी धुराबद्दल बोललो. मग घोड्यांबद्दल. त्या सिनेमात घोडे आहेत की नाहीत हे मला आता आठवत नाही. किटली गुणगुणायला लागली होती, आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं की तासाभराने मी घरी जाईन, ही दाराशी येऊन विचारेल, बोललात का? आणि मी म्हणेन, हो, बोललो, घोड्यांबद्दल.

“माझी चूक झाली,” मी म्हणालो. “मी यादी उलटी लिहिली आहे.”

मी घड्याळजींकडे बघायचं टाळलं आणि सगळं सांगून टाकलं: कच्ची यादी, छापलेले आकडे, तीनदा तपासणं. मग लिफ्टवालीबद्दल बोलायला लागलो. काय बोललो ते सगळं सांगता येणार नाही, पण ती खिडकीपाशी उभी राहते तिथे आलो तेव्हा माझा आवाज स्थिर झाला होता एवढं आठवतं. मी म्हणालो की ती बराच वेळ तिथे उभी असते, मिनिटभर तरी, आणि त्या मिनिटात काहीच घडत नाही. पण चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं तपासली आणि त्यातलं एकही नीट वाचलं नाही, हे मला त्या मिनिटात कळलं. आणि कळून वाईट वाटलं नाही. तिलाही वाटत नाही. ती नुसती बघते.

टक्क करून बटण पडलं. मी वाक्य अर्धं सोडून खाली बसलो.

“एक विचारायचं होतं,” टेलरताई म्हणाल्या. “ती लिफ्ट मग परत वर येते का?”

ताईंनी तो सिनेमा पाहिला होता. लिफ्टचं काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला किटलीची मर्यादा नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. मी पुन्हा उभा राहिलो आणि उत्तर दिलं. ते बरंच लांबलं. बाईंनी मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

झाल्यावर त्यांनी नियम सांगितला. दिलेला अर्ज बदलता येत नाही. हा नियम चार वर्षांपूर्वी डॉक्टरांमुळे करावा लागला होता, कारण ते दर पाच मिनिटांनी मत बदलायचे. तेव्हा कागदोपत्री माझा पहिला सिनेमा युद्धपटच.

“आणि राखीव गुण आपल्या पहिल्या सिनेमाला देता येत नाहीत,” बाई खडू चाचपत म्हणाल्या. “तुमची लिफ्टवाली पहिली नाही. दहावी आहे. तिला द्यायला तुम्हाला कुणाची आडकाठी आहे?”

मला हे समजायला थोडा वेळ लागला. माझी पाळी आली की चाराचे सात होणार होते.

मधल्या वेळात घड्याळजी माझ्याकडे वाकले. मला वाटलं, आता काही लागेल असं बोलणार. त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे तुम्हाला माझा आवडलाच नाही?”

मी म्हटलं, दहावा लावला होता.

“दहावा म्हणजे काही वाईट नाही,” ते म्हणाले, माझी समजूत घालावी तसे. “पन्नासांत दहावा.” आणि उठून त्यांनी स्वतःच्या युद्धपटासाठी असं काही भाषण केलं की त्यात घोडे असतील तर ते खिंकाळले असतील. बाकीच्यांचीही बोलणी झाली. मग राखीव गुण. माझे तीन लिफ्टवालीला. बाईंनी आणि घड्याळजींनी आपापले गुण वरच्या फळीतल्या सिनेमांना दिले. टेलरताईंनी काही न बोलता लिफ्टवालीला दिले. साताचे दहा झाले. आता ती आणि मधमाश्यांचे भाऊ बरोबरीला आले, आणि बरोबरी झाली तर ज्याला कुणीतरी पहिलं लावलं आहे तो वर, हा नियम. म्हणजे डॉक्टरांचा सिनेमा यादीत, माझा बाहेर. राखीव गुण द्यायचे राहिले होते ते फक्त डॉक्टरांचे. त्यांनी ते इतर कुठेही टाकले असते तरी त्यांचे भाऊ शाबूत राहत होते.

डॉक्टर बराच वेळ फळ्याकडे बघत बसले. त्यांनी आपल्या सिनेमासाठी फार चांगलं भाषण केलं होतं. मी मनातल्या मनात हरून मोकळा झालो. खरं सांगायचं तर त्यात सुटल्यासारखंही वाटत होतं. बोललो ना, मी हिला सांगितलं असतं.

“तीन गुण लिफ्टवालीला,” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी खडू उचललेला हात तसाच ठेवला. तुमचा सिनेमा बाहेर जाईल, असं त्या त्यांना म्हणाल्या. डॉक्टरांना ते दिसत होतं.

“बारा वर्षं हे माझे पेशंट आहेत,” ते म्हणाले. “आ करा म्हटल्याशिवाय यांनी तोंड उघडलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. लिहा.”

त्यानंतर सगळे चहा प्यायले. डॉक्टर अर्धा तास कुरकुरत होते की मधमाश्यांना या मंडळात कुणी वाली नाही, आणि आम्ही चौघं माना हलवत होतो. मला त्यांचे आभार मानायचे होते. पण ते कसे मानावेत हे ठरेपर्यंत ते कोट घालून निघून गेले होते.

लिफ्टवाली फेब्रुवारीत पुन्हा आली. हिचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते, पण हातात काठी होती. ती माझ्या डाव्या हाताला बसली. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होतो, तेव्हा तिने कोपराने मला ढोसलं. शेवटी लिफ्ट वर गेली, दार उघडलं, बाई बाहेर आली, खिडकीशी गेली. मी श्वास रोखला. आणि मी तो सोडायच्या आत मागचं दार मिटलं, लिफ्ट खाली गेली, नावं वर सरकायला लागली.

दिवे लागल्यावर मागच्या रांगेतून डॉक्टर पुढे वाकले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी मला दाखवलं. “अकरा सेकंद,” ते म्हणाले. “तुम्ही मिनिट म्हणाला होतात.” घड्याळजींनी लगेच त्यांच्या घड्याळाबद्दल शंका घेतली. ते किती सावकाश चालतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणाले. दोघांचं तिथेच जुंपलं. मला शरमेने खाली बघावंसं वाटलं. अकरा सेकंदांवर मी त्या डॉक्टरांचे मधमाशीवाले बाहेर काढले होते. पण टेलरताई जाता जाता म्हणाल्या की त्या वेळी त्यांनाही ते मिनिटभरच वाटलं होतं, म्हणून मी वर बघितलं.

ही मात्र काहीच बोलत नव्हती. खुर्च्या उचलेपर्यंत नाही, किल्ली देईपर्यंत नाही. रस्त्यावर आलो. दुकानांची दारं अजून उघडी होती, माणसं येत-जात होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत मी धीर धरला.

“मग?” मी विचारलं.

“सहावा,” ती म्हणाली.

मला ऐकलेलं खरं वाटेना. सहावा? मी म्हटलं, पहिला नाही ते एक वेळ समजू शकतो, पण सहावा कसा काय?

“ती काचेला हात लावत नाही. बराच वेळ उभीही राहत नाही. तुम्ही सांगितलात तो सिनेमा पहिला होता. हा सहावा.”

मी थांबलो. रस्त्याच्या मधोमध नाही, पण फुटपाथच्या मधोमध नक्कीच. मी तिला म्हटलं की हात लावण्या-न लावण्यावर काही नाही. ती खिडकीकडे चालत जाते ते चालणं बघ, तीस वर्षं उभं राहिलेल्या बाईचं चालणं आहे ते. ती म्हणाली, चालणं चांगलं आहे, म्हणूनच सहावा, नाहीतर नववा लावला असता. मी म्हटलं, तू मधे डोळे मिटले होतेस. ती म्हणाली, तुम्ही माझ्या डोळ्यांकडे बघत होतात ते आधी कबूल करा. औषधाच्या दुकानातला माणूस काउंटरवरून वाकून आमच्याकडे बघायला लागला. माझा आवाज चढलेला होता. एरवी मी त्याच्याकडे खोकल्याच्या गोळ्या मागतो त्या एकेक शब्द मोजून.

“बरं,” मी म्हणालो, “मग पहिले पाच कुठले, ते सांग.”

तिने काठी माझ्या हातात दिली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली.